केसपेपरवर नसलेली खोली

क्षयाच्या तपासणीसाठी थुंकीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवताना आपण जो अर्ज भरतो, त्यात जोखमीच्या गटांचा एक रकाना असतो. मधुमेही, तंबाखू खाणारा, कैदी, खाणकामगार, शहरी झोपडपट्टीतला रहिवासी आणि त्यांच्याच पंक्तीत ‘स्थलांतरित’. ओपीडीच्या गर्दीत तिथे बरोबरची खूण करायला दोन सेकंद पुरतात. त्या खुणेतून मात्र जंतू या माणसाच्या फुफ्फुसात कुठे शिरला आणि इथून पुढे तो कुणाकडे जाणार, यातले काहीच कळत नाही. बंगळुरूहून येऊन वांद्र्याच्या फ्लॅटमध्ये एकटी राहणारी संगणक अभियंता आणि गोरखपूरहून येऊन भिवंडीत चौदा जणांच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारा यंत्रमाग कामगार, या रकान्यात दोघेही सारखेच. आमचे म्हणणे असे, की संसर्गाची जोखीम गाव सोडण्यात फार थोडी असते. माणूस रात्री जिथे पाठ टेकतो तिथे ती पुष्कळ असते. आपण माणसाच्या प्रकाराची नोंद घेतो, खोलीची घेत नाही, आणि त्यामुळे प्रतिबंधाचे आपले कामही भलत्याच दाराशी जाऊन थांबते.

या म्हणण्याची परीक्षा २०२० साली सिंगापूरमध्ये आपसूकच झाली. बांगलादेश, तमिळनाडू आणि इतर भागांतून आलेले सुमारे ३ लाख २३ हजार कामगार तिथे वसतिगृहांत राहत होते. बहुतेक सगळे तरुण, कामाच्या परवान्यासाठी वैद्यकीय तपासणी झालेले, नियमित पगार घेणारे. त्यांच्यापैकी ४७ टक्क्यांना कोविडचा संसर्ग होऊन गेल्याचे वर्षअखेरीस चाचण्यांतून दिसले. वसतिगृहांबाहेरच्या लोकसंख्येत हेच प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होते. विषाणू या कामगारांनी गावाहून आणला नव्हता, त्याने त्यांना सिंगापुरातच गाठले. शहर एक, हवा एक, आरोग्ययंत्रणाही एकच. वेगळ्या होत्या त्या एका खोलीत डझन-दीड डझन माणसांच्या दुमजली खाटा, सामायिक स्वयंपाकघर आणि पंधरा माणसांमागे एक शौचालय. पुढच्या वर्षी तिथल्या सरकारने नव्या वसतिगृहांसाठी खोलीत जास्तीत जास्त बारा माणसे आणि सहा जणांमागे एक शौचालय असा नियम केला. कामगारांना हात धुण्याचे धडे देऊन ते थांबले नाहीत, खाटा मोजायला बसले. आपल्याकडे पत्रके छापणे अजूनही स्वस्त पडते.

‘पण हे लोक रोग घेऊन येतातच ना?’ हा प्रश्न हिवतापाच्या बाबतीत हमखास निघतो आणि तो पोकळ नाही. व्हायवॅक्सचा परोपजीवी यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो आणि ओडिशात किंवा झारखंडमध्ये डसलेल्या डासाचा ताप परळच्या बांधकामावर येऊ शकतो. तरीही एका मजुराच्या रक्तातला परोपजीवी दुसऱ्यापर्यंत पोचवायला डास लागतो, आणि मुंबईतला ॲनोफिलिस स्टीफेन्सी पक्का मुंबईकर आहे. १९११ मध्ये बेंटलीने आणि १९२८ मध्ये कोव्हेलने या शहरातल्या हिवतापाचा माग काढला, तेव्हा दोघांचेही बोट विहिरी आणि टाक्यांकडे गेले होते. आज त्यांच्या जोडीला स्लॅबवर क्युअरिंगसाठी अडवलेले पाणी, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेले पाणी, तळघरातली डबकी आली आहेत. मजूर त्याच इमारतीत, दारे-खिडक्या बसण्यापूर्वीच्या मजल्यावर झोपतो, म्हणजे डासाची पैदास आणि त्याचे भक्ष्य एकाच छताखाली. अशा ठिकाणी रुग्ण सापडला की आपण त्याच्या प्रवासाचा इतिहास विचारतो आणि ‘बाहेरून आलेला’ असा शेरा मारून मोकळे होतो. तो शेरा बरोबर असला तरी त्याच मजल्यावरच्या पुढच्या पाच रुग्णांचा उलगडा त्यातून होत नाही.

क्षयरोगात खोलीचे महत्त्व आणखी उघड आहे, कारण इथे वाहकाचे काम हवाच करते. एस्कोम्ब आणि सहकाऱ्यांनी लिमातल्या रुग्णालयांत खोल्यांमधली हवा तासाला किती वेळा बदलते हे मोजले (२००७). उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत ती साधारण ४० वेळा बदलत होती, तर नव्या धाटणीच्या, खिडक्या उघडता येणाऱ्या खोल्यांतही जेमतेम १७ वेळा. मग ज्या खोलीला दाराशिवाय हवेची वाटच नाही आणि तेही डासांमुळे किंवा चोरीच्या धास्तीने रात्री बंद असते, तिथले गणित मांडायला आकडेमोड लागत नाही. म्हणून ‘पक्की घरे बांधली की झाले’ हेही आम्हाला पटत नाही. गोवंडी-मानखुर्द परिसरातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहती सिमेंट-काँक्रीटच्याच आहेत. तिथे झालेल्या पाहणीत जवळजवळ खेटून उभ्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे क्षयाचे रुग्ण जास्त आढळले, आणि अंतर राखून बांधलेल्या शेजारच्या वसाहतीत कमी. पत्र्याच्या शेडमधून उचलून अशा इमारतीत नेलेल्या कुटुंबाची कागदोपत्री परिस्थिती सुधारते, एवढेच.

रोगाची दिशा नेहमी गावाकडून शहराकडे असते, हा समजही तपासून पाहावा. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत मजुरांना कंपाउंडमध्ये कोंबून ठेवले जाई, सिलिकाच्या धुळीने फुफ्फुसे खंगत आणि क्षय जडलेला मजूर परत धाडला जाई. गावोगाव क्षय पोचला तो या वाटेने. गिरणगावच्या गाळ्यांत पाळीवर झोपणारे कोकणी गिरणी कामगारही दुखणे बळावले की गावची बोट पकडत. मुंबईकर मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्या अशा खोल्यांतून गेल्या आहेत, हे ‘बाहेरच्यां’विषयी बोलताना आठवले तर बरे.

आता आपल्या रोजच्या कामाकडे येऊ. क्षयरोगाच्या प्रतिबंधक उपचारांत ‘घरातला संपर्क’ कुणाला म्हणायचे याची व्याख्या स्पष्ट आहे. उपचार सुरू होण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत रुग्णाबरोबर एकाच बंदिस्त जागेत एक किंवा अधिक रात्री काढलेला, किंवा दिवसा वारंवार, बराच वेळ राहिलेला माणूस. रक्ताचे नाते ही अट त्यात कुठेच नाही. तरीही नोंदवही घेऊन बसलो की आपल्या तोंडून प्रश्न येतो, ‘घरी कोण कोण असतं?’ आणि रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो: बायको, दोन मुले, आई. ती सगळी हजाराहून अधिक किलोमीटरवर आजमगडला असतात. त्यांना तो दिवाळीनंतर भेटलेला नसतो. त्याच्या उशाशी झोपणारे, त्याच भिशीत (खानावळीत) जेवणारे आणि तो रात्रपाळीला गेला की त्याच चटईवर आडवे होणारे अकरा जण यादीत येत नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कुणी विचारलेले नसते. २०२१ पासून देशात प्रतिबंधक उपचारांची व्याप्ती संपर्कातल्या मोठ्या माणसांपर्यंत वाढली, ती याच अकरांसाठी सर्वांत उपयोगाची होती. नियम चांगला असून केवळ विचारण्याच्या सवयीमुळे वाया जावा, याचे याहून ठळक उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. पाळीचा मुद्दा तर वेगळाच लक्षात ठेवावा लागतो. खोलीत रात्री सात जण झोपतात असे उत्तर आले तरी दिवसा झोपणारे रात्रपाळीचे सात मिळून राहणारे चौदा असतात, आणि त्यातला निम्मा गट गृहभेटीच्या वेळी कामावर असतो.

यावर अनुभवी मंडळींचा आक्षेप असा, की मूळ दुखणे उपासमारीचे आहे, खोली हे गरिबीचे नुसते लक्षण. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासाने (२०२३) या आक्षेपाला मोठे बळ दिले: क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. इतका परिणाम साधणारी साधने सार्वजनिक आरोग्यात फारशी नाहीत आणि शिध्याला पर्याय म्हणून खिडकी पुढे करण्याचा वेडेपणा कुणी करू नये. पण गोवराचा इतिहास उलट बाजूही दाखवतो. गोवराने मुले मरतात ती कुपोषणामुळेच, असे मानले जात असताना संशोधक पीटर आबी यांनी गिनी-बिसाऊत घरोघर नोंदी तपासल्या. ज्या घरांत दाटी होती आणि घरातल्याच दुसऱ्या मुलाकडून गोवर लागला होता, तिथे मृत्यू जास्त होते. कोंदट जागेत विषाणूचा मारा जास्त होतो, हे त्यांचे स्पष्टीकरण. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवर उसळला, तेव्हा चर्चा सगळी लसीकरणाची झाली. ती रास्तच होती, पण दाटीबद्दल क्वचितच कुणी बोलले.

दुसरा आक्षेप आम्हाला अधिक गंभीर वाटतो: खोलीची नोंद घेतलीत तर घरमालक भाडेकरूला बाहेर काढेल आणि ठेकेदार आजारी मजुराला रातोरात गावी पाठवेल. साथीच्या नावाखाली घरात शिरणारी यंत्रणा काय करते हे महाराष्ट्राला १८९७ च्या प्लेगात कळले आहे. तेव्हाच्या झडत्यांना भिऊन लोकांनी रुग्ण दडवले, आणि पुण्यातल्या त्या संतापाचा शेवट प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडण्यात झाला. तेव्हा माहिती कुणाकडे जाणार, हे आधी ठरवायला हवे. रुग्णाचे नाव आणि त्याची खोली यांची जोडी दवाखान्याबाहेर जाऊ नये. बाहेर जावी ती वस्तीनिहाय किंवा साइटनिहाय बेरीज: अमुक लेबर कॅम्पमध्ये एका खोलीत सरासरी इतकी माणसे, खिडकी नसलेल्या खोल्या इतक्या, वर्षभरातले क्षयरुग्ण इतके. अशी बेरीज हाती असेल तरच कायद्याला दात येतात. १९७९ च्या आंतरराज्य कामगार कायद्याने ठेकेदारावर राहण्याच्या जागेची जबाबदारी टाकली. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने कामाच्या जागेजवळ विनामूल्य तात्पुरते घर, स्वयंपाकाची वेगळी जागा, न्हाणी आणि शौचालय सांगितले. आता हे कायदे नव्या कामगार संहितेत विलीन झाले आहेत. बीडहून कोल्हापूरला ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्याला मात्र आंतरराज्य कायदा लागूच नव्हता, कारण त्याने राज्याची हद्द ओलांडलेली नसते.

अर्ज बदलायची वाट पाहण्याची गरज नाही. केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार गोष्टी लिहिता येतात: झोपायच्या जागेत दोन्ही पाळ्या धरून किती जण, बाहेरच्या हवेत उघडणारी खिडकी आहे की नाही, शौचालय आणि पाणी किती जणांत, आणि जागा कुणी दिली आहे, घरमालकाने, ठेकेदाराने की कारखान्याने. साखरपट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना हे गळीत हंगामाच्या आरंभीच करता येईल. ऊसतोड टोळ्या उतरल्या की पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या कोप्यांच्या (झोपड्यांच्या) तळावर जाऊन लसीकरणाच्या यादीबरोबर कोपी मोजावी: आत किती माणसे, चूल आत की बाहेर, पाण्याचा टँकर किती दिवसांनी येतो. ही बेरीज कारखान्याच्या कार्यालयात आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि हंगाम संपताना त्याच तळावर पुन्हा मोजावे. या मासिकाकडे अशा नोंदी आल्या तर रुग्णाची आणि मुकादमाची ओळख वगळून, तालुक्याच्या नावासह छापायची आमची तयारी आहे.