ईद फिरते, भिंत फिरत नाही

पितृपंधरवडा संपून घट बसले की आमच्या मोहल्ल्यातली तरणी पोरं सकाळी सातच्या आत घराबाहेर पडतात. मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या खांद्यावर शिडी, हातात बादली, बादलीत रोलर आणि पट्टी. सांगलीत दिवाळीच्या आधीचे तीन-चार आठवडे रंगकाम करणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. रात्री परततात तेव्हा घासकामाच्या भुकटीनं केस आणि भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. आणि ज्या घरात ते परततात, त्याच घराच्या भिंतीचे पोपडे निघालेले असतात, न्हाणीघरामागच्या कोपऱ्यात बुरशीचा काळा नकाशा पसरलेला असतो. त्यातल्या एकाला मी विचारलं, "अरे, तुझ्या घराचं कधी?" तो म्हणाला, "ईदको करींगे ना, चाचा."

मला त्याच्या या उत्तराबद्दल बोलायचं आहे.

आपलं हिजरी वर्ष चांद्र आहे, ३५४ दिवसांचं. म्हणून ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. त्यात मोठी मौज आहे, लहानपणी थंडीतले रोजे धरलेला माणूस पुढे उन्हाळ्यातलेही धरतो. पण भिंतीला हिजरी साल कळत नाही. ती जून ते सप्टेंबर पाणी पिते आणि ऑक्टोबरच्या उन्हात ते सोडते. घराची डागडुजी, रंग, कुंड्यांची माती बदलणं, ही कामं ज्या ऋतूची आहेत त्याच ऋतूत व्हायला हवीत. आपण ती सणाला बांधून टाकली आहेत.

यात मीही आलोच. २०१६ साली ईद ७ जुलैला होती. बाहेर पाऊस लागलेला. रंगारी ओळखीचाच, भिंतीवर तळवा टेकवून म्हणाला, "आत्ता नको, पाणी आहे आत." पण ईदला पाहुणे येणार, शीरखुर्मा प्यायला बसणार, त्यांच्या डोक्यामागे लोणा लागलेली भिंत कशी दिसेल? मी हट्टानं प्लास्टिक पेंट मारून घेतला. ईदच्या दिवशी घर झकास दिसलं. गणपती बसेपर्यंत रंगाला फुगे आले, दसऱ्याला पापुद्रे हातात यायला लागले. पैसे गेले त्याचं एवढं नाही. त्या भिंतीला लागून अम्माची कॉट होती. तिला आधीच दम्याचा त्रास. रंगाच्या पापुद्र्याआड बुरशी वाढत होती आणि आम्ही तिच्या खोकल्याचं खापर हवेवर फोडत होतो. डॉक्टरांनी विचारलं, "झोपता कुठे?" तेव्हा आम्ही कॉट सरकवली आणि मागची भिंत बघितली.

माझ्या दादीच्या काळात असं व्हायचं नाही. दादी काही आमच्याहून जास्त शहाणी होती असं नव्हे. तिच्याकडे चुना होता. कळीचा चुना पिंपात भिजायला घातला की तो खदखदायचा, आम्हा पोरांना जवळ फिरकू द्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यात डिंकाचं पाणी, थोडी नीळ, आणि कुंच्यानं हात मारायचा. चुना ओलसर भिंतीवरही धरतो आणि आतली ओल अडवत नाही, भिंत त्यातून श्वास घेते. शिवाय त्यावर बुरशीला सहज थारा मिळत नाही. म्हणजे ईद कुठल्याही महिन्यात आली तरी चुन्याचं जमून जायचं. चुना गेला, ऑइल पेंट आणि प्लास्टिक पेंट आले, ते ओल आत कोंडून ठेवतात. सामान बदललं, रिवाज मात्र चुन्याच्या काळातलाच राहिला.

आता कोणी म्हणेल की हल्ली ईद मार्च-एप्रिलकडे येते, तेव्हा भिंती खडखडीत असतात, मग अडचण काय? रंग टिकेल, हे मान्य. पण ऑक्टोबरमध्ये दिसलेली बुरशी मार्चपर्यंत कोण श्वासात घेणार? आणि दुसरं, ते मला जास्त खुपतं. ईदच्या आधी म्हणजे रमजानात. घासकामाची धूळ, गोधड्या-पडदे धुणं, माळ्यावरची भांडी उतरवून घासणं, हे सगळं रोजा धरलेल्या बायका करतात. सहरीला उठायचं, दिवसभर राबायचं, वर इफ्तारची तयारी. शेवटच्या दहा रात्री इबादतीच्या म्हणून आपण मशिदीत बसतो, आणि घरात आई-बहिणी पंखे पुसत असतात. हे काम चार महिने आधी उरकलं असतं तर त्यांच्याही वाट्याला त्या रात्री आल्या असत्या.

मग ऑक्टोबरात का होत नाही? पैसा हे एक कारण, ते खरंच आहे. दुसरं कारण कोणी उघड बोलत नाही. परवा मी दारासमोरची फरशी घासून शेवाळ काढत होतो. शेजारचे काका जाता जाता म्हणाले, "काय, तुमच्याकडेही दिवाळीची साफसफाई?" चांगल्या मनानं म्हणाले. दोन घरं सोडून राहणारे आमचे खालाजाद भाई हेच वाक्य म्हणाले, पण त्यांच्या 'दिवाळी'वर वेगळा जोर होता. मी दोघांनाही सांगितलं, पावसाळा संपला म्हणून घासतोय. शेवाळावरून अम्माचा पाय घसरला तर मांडीचं हाड कोणत्या धर्माचं हे डॉक्टर विचारणार नाही.

तासगावकडे जाऊन बघा. द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी सगळेच करतात, मुसलमान बागायतदारसुद्धा. तिथं कोणी विचारत नाही की ही छाटणी कोणाच्या सणाची. गुलाबाचंही तेच. पावसाळ्यात माजलेल्या फांद्या आता छाटल्या, बुडाची माती उकरून दोन दिवस ऊन दाखवलं आणि शेणखत दिलं, की दीडेक महिन्यात कळ्या येतात. आमच्या दारात जागा अशी नाहीच, आठ कुंड्या आणि तेलाचे चार डबे. पण गुलाब, गुलबक्षी, गुलछडी या तिन्ही नावांतला 'गुल' फारसी आहे, आणि बीबी का मकबऱ्याच्या चारबागेचा अभिमान आपण पाहुण्यांना ऐकवतो. उंबऱ्याशी एक हिरवी कुंडी मात्र दहा घरांत शोधावी लागते.

एका डब्यात सब्जा आहे. कब्रीवर ठेवायला अम्मा त्याच्या डहाळ्या नेते. पावसात तो फार उंच वाढून लवंडला होता, बी धरलं होतं. ते झाडून घेतलं, थोडं सरबतासाठी, थोडं पेरायला. काकांच्या दारात तुळस आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं दोघी सख्ख्या चुलतबहिणी. काकूंनी या वर्षी शेवंतीची रोपं मागितली, त्या बदल्यात झेंडूची दिली. झेंडूही आमच्याकडे फुललाय. भाईंनी पाहिलाय, अजून काही बोलले नाहीत.

मी मोहल्ल्यातल्या पोरांपुढे एक गोष्ट मांडली आहे. दिवाळीच्या तोंडावर ते मोकळे नसतात, ते दिवस कमाईचे आहेत, त्यात स्वतःच्या घराचं काम काढा असं मी म्हणणार नाही. पण भाऊबीज झाली की हातातली कामं एकदम थांबतात. पाऊस जाऊन महिना झालेला असतो, उरल्यासुरल्या रंगाचे डबे घरात पडून असतात. ते पंधरा दिवस आपल्या घरांचे. आधी भिंतीला हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस चिकटवून ठेवायचा. आतून थेंब जमले तर भिंत अजून ओली आहे, थांबायचं, गळती कुठे आहे ती शोधायची. २०१९ च्या महापुरात बकरी ईद पाण्यात गेली, तेव्हा ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांच्या भिंती सुकायला जानेवारी उजाडला होता. ज्यांनी घाई केली त्यांनी दोनदा रंग दिला. एका-एका घराला पाच-सहा जणांनी हात लावला तर मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, फक्त जेवण.

चौघं तयार झाले आहेत. पाचवा, तो "ईदको करींगे" म्हणणारा, अजून हो म्हणत नाही, पण परवा त्यानं प्लास्टिकचा कागद नेला. सुरुवात आमच्या घरापासून आहे. अम्माला खोलीला पिस्ता रंग हवाय, पोरं म्हणतात उरलेल्या डब्यांत फक्त बदामी आणि फिका गुलाबी आहे. गुलाबी तिला अजिबात नको. बदामीवर बोलणी चालू आहेत.