समुद्र ओस पडतो आहे, नळगंगेकाठच्या तरुणांनो!

मलकापूर-नांदुऱ्याच्या तरुणांनो, समुद्राचे नाव निघाले की आपण खांदे उडवतो. तो कोकणचा, तो मुंबईचा. आपल्या वाट्याला तर खारपाण पट्ट्याचे मचूळ पाणी! पण नकाशा उघडा. मलकापुरावरून वाहणारी नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीच्या कुशीत शिरते आणि तापी सुरतेपलीकडे अरबी समुद्राला आलिंगन देते. तुमच्या कपाशीवरचे विष, तुमच्या शेताची धुपलेली माती, तुमच्या नाल्यातले प्लॅस्टिक याच वाटेने उताराला लागते. समुद्राच्या दुःखात ज्याचा वाटा आहे, त्याने समुद्राविषयी मौन का पाळावे?

आधी घरच्या आभाळाची साक्ष काढा. गावाबाहेर टाकलेले मेलेले ढोर काही तासांत कोण फस्त करीत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारा. गिधाडे! गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने त्यांचा वंश मारला. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे 99.9 टक्क्यांनी घटली. 2006 साली गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली, तेव्हा आभाळ रिते झालेले होते. ढोरे कुजत पडली, मोकाट कुत्री माजली. पक्ष्याबरोबर त्याचे काम गेले आणि ते उचलायला दुसरा कोणी आला नाही.

पाण्याखाली हेच घडते आहे. फक्त त्या कुजण्याचा दर्प आपल्या नाकापर्यंत पोचत नाही.

समुद्रात कोणीही निरुद्योगी नाही. कोणी खडकावरचे शेवाळ खरवडतो, कोणी तळाचा गाळ उकरून त्यात प्राणवायू खेळवतो, कोणी मृतांची विल्हेवाट लावतो, कोणी रोगट मासे वेचून थवा निरोगी ठेवतो. ही बलुतेदारी नव्हे. बलुतेदारीने माणसाच्या कपाळी जन्माने काम लिहिले, तो अन्यायच होता. समुद्रातली ही श्रमविभागणी कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीने विणलेली आहे. तिचा एक धागा उपसला तर काय होते? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने 1963 पासून एका खडकाळ पट्ट्यातून एकाच जातीचे तारामासे काढून टाकले. शिंपले खाणारा तो शिकारी हटताच शिंपल्यांनी खडक बळकावला, आणि जेथे पंधरा जाती नांदत होत्या तेथे आठच उरल्या. कोणी विष ओतले नव्हते, कोणी जाळे टाकले नव्हते. एक पद रिकामे झाले, एवढेच!

आणि पद रिकामे व्हायला शेवटचा जीव मरावा लागत नाही. संख्या इतकी रोडावते की जात नावापुरती उरते आणि तिचे काम बंद पडते. खुल्या महासागरातील मुशी आणि पाकटांची संख्या 1970 नंतर जगभरात 71 टक्क्यांनी घटली आहे. आपल्या किनाऱ्यावरचा करवती मासा 2001 साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. आज तो दिसलाच तर बातमी होते. पाला मासा समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो. धरणाच्या भिंतीपुढे त्याचा मार्ग खुंटतो, आणि तापीवर 1972 पासून उकाई उभे आहे.

हा उच्छाद कोणी मांडला? पिढ्यान्‌पिढ्या डोल जाळे लावणाऱ्या कोळ्याने नव्हे. अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या अजस्र पर्ससीन जाळ्यांनी आणि रात्रीचा समुद्र एलईडी दिव्यांनी पेटवून पिलासकट थवे उपसणाऱ्या लोभाने तो मांडला. 2016 साली राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, 2017 साली केंद्राने दिव्यांची मासेमारी बंद केली, 2023 साली राज्याने पापलेटला राज्यमासा केले आणि 54 जातींच्या लहान मासळीला कायद्याचे कवच दिले. कायदा आहे, त्याच्यामागे उभा राहणारा समाज कोठे आहे? मातीमोल भावाने कापूस विकून परतणाऱ्या बापाचा चेहरा तुम्ही पाहिला आहे. रिकामे जाळे ओढणाऱ्या कोळ्याचा चेहरा तुम्हाला परका वाटेल काय? दोघांच्या श्रमावर दुसराच गब्बर होतो. ही लूट ओळखण्याइतका स्वाभिमान आपल्यात आहे!

समाज उभा राहिला की काय होते, ते पाहा. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास हे किनाऱ्यावरचे लहानसे गाव. तेथे कासवांची अंडी पळवली जात. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर तेच गाव घरटी राखू लागले, पिले हातांनी पाण्याकडे सोडू लागले. त्या गावकऱ्यांकडे ना सत्ता होती, ना संपत्ती. मग आपल्या हातांना कोणी बांधले आहे?

2002 च्याच जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला आणि नगरपरिषदेला जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमणे आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे बंधनकारक केले आहे. आपली नोंदवही कोठे आहे? ती मागा. कपाटात धूळ खात असेल तर बाहेर काढा, कोरी असेल तर लिहायला बसा. पूर्णेकाठच्या भोई बांधवांच्या दारी जा, त्यांच्या म्हाताऱ्यांपुढे जमिनीवर बसा. लहानपणी जाळ्यात काय यायचे, कोणता मासा कधीपासून दिसेनासा झाला, तो काय खायचा, त्याला कोण खायचे, ते विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. हे ज्ञान कोणत्याही पदवीहून कमी प्रतीचे नाही. ते देणाऱ्याचे नाव मानाने लिहा. मग ती वही घेऊन शंभर जण ग्रामसभेत किंवा नगरपरिषदेच्या सभेत शिरा, आणि गेलेल्या प्रत्येक माशाचे नाव उभे राहून मोठ्याने वाचा.