चिपीला मुंबईचं विमान पाहिजे, पण रोज येणारं

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा.

चिपीचं मुंबई विमान ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी, ऐन दिवाळीच्या तोंडावर बंद झालं. त्यावर आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया आल्या. एक, 'बघा, यांनी बंद पाडलं', ज्यात 'यांनी' म्हणजे कोण हे लिहिणाऱ्याच्या पक्षावर ठरतं. दुसरी, 'जाऊ दे रे, मोपा आहे ना'. पहिलीची मला सवय झाली आहे. दुसरीची जास्त भीती वाटते, कारण ती खरी आहे. आजारी पडलो तर बांबोळी, विमान पकडायचं तर मोपा. एक अख्खा जिल्हा हळूहळू शेजारच्या राज्याच्या भरवशावर जगायला लागतो, आणि आपल्याला त्यात काही वावगंही वाटत नाही.

आधी थोडा इतिहास, कारण आपण फार लवकर विसरतो. भूमिपूजन २००९ साली. सप्टेंबर २०१८ मध्ये, गणपतीच्या आदल्या दिवशी, पहिलं चाचणी विमान उतरलं, तेही गणपतीची मूर्ती घेऊन. तेव्हा देशाचे नागरी विमान वाहतूक मंत्री होते सुरेश प्रभू, म्हणजे आपलेच. मार्च २०१९ मध्ये टर्मिनलचं उद्घाटन झालं. विमान मात्र नाही. प्रवासी घेऊन पहिलं विमान आलं ९ ऑक्टोबर २०२१ ला. उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका व्यासपीठावर आले, एकमेकांना टोले लगावले, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात विमानापेक्षा भाषणांचीच बातमी मोठी होती. भूमिपूजन ते पहिलं विमान, बारा वर्षं. विमान सुरू होऊन बंद, तीन वर्षं.

ही तीन वर्षं योगायोगाने झाली नाहीत. तो 'उडान' योजनेचा हिशोब आहे आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढची मागणी करण्यात अर्थ नाही.

'उडान'मध्ये एखाद्या मार्गासाठी कंपन्या बोली लावतात. जी जिंकते तिला त्या मार्गावर तीन वर्षं एकटीला उडायचा हक्क मिळतो आणि सरकारकडून अनुदान मिळतं. त्यातला मोठा वाटा केंद्राच्या निधीतून, उरलेला राज्याचा. बदल्यात विमानातल्या साधारण निम्म्या जागा ठरलेल्या स्वस्त दराने विकायच्या. उरलेल्या निम्म्या कंपनी हव्या त्या भावाने विकू शकते. आपल्या मार्गावर सरकारी मालकीची अलायन्स एअर होती, विमान ७० आसनांचं एटीआर. म्हणजे स्वस्त जागा पस्तीस. सुरुवातीला जाहिरात झाली होती ती २५२० रुपयांची. 'ते तिकीट कोणाला मिळालं ते दाखवा' असं आपण चिडून म्हणायचो, त्याचं उत्तर हे आहे. पहिल्या पस्तीस जणांना मिळालं. मे महिन्यात आणि गणपतीत ते पस्तीस जण कधी होऊन गेले ते कळायचंही नाही, आणि मागाहून बघणाऱ्याला जो आकडा दिसायचा तो बघून तो सरळ कोकणकन्येची वेटिंग लिस्ट उघडायचा.

आता यातली गोम बघा. कंपनीला तीन वर्षं स्पर्धा नाही. स्पर्धा नाही म्हटल्यावर वेळ सोयीची असो नसो, फेरी रद्द होवो, प्रवासी जाणार कुठे? विमान मुंबईहून निघायचं दुपारच्या आधी, साडेअकराच्या सुमाराला, आणि अडीच-तीनपर्यंत परत मुंबईत. म्हणजे सकाळी जाऊन काम करून संध्याकाळी परत, हा प्रकारच नाही. मुंबईत कोर्टाचं काम आहे, टाटाला पेशंट दाखवायचा आहे, मंत्रालयात फाईल आहे, तर किमान एक मुक्काम आलाच. मुक्कामच करायचा तर रात्रीची गाडी काय वाईट? त्यात पावसाळ्यात ढग खाली आले की उतरता येईल याची खात्री नसायची, आणि फेरी रद्द झाल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या ते तुम्हीच आठवा. आमच्या वाडीतले एक आजोबा म्हणायचे, "इमान कसला, ती वस्तीची एसटी. इली तर इली." हसण्यासारखं आहे, पण विमानतळाच्या भवितव्याचा याहून चांगला अहवाल मी वाचलेला नाही.

कारण माणूस तिकीट कशासाठी काढतो? दुबईचं विमान मुंबईहून रात्री आहे, किंवा आई आयसीयूत आहे, किंवा उद्या सकाळी मुलाखत आहे. अशा वेळी 'इली तर इली' चालत नाही. माणूस गाडी काढतो आणि मोपाला जातो. एकदा गेला की त्याला कळतं की तिथे मुंबईला एक नाही, अनेक विमानं आहेत. एक चुकलं तर दुसरं आहे. दोन-तीन कंपन्या एकमेकींचे भाव बघून भाव ठेवतात. मग पुढच्या वेळी तो चिपीचं तिकीट शोधतही नाही. मीही शोधत नव्हतो, उगाच साव कशाला बनू?

मोपा सुरू झालं ५ जानेवारी २०२३ ला. चिपी ते मोपा सरळ रेषेत पन्नास किलोमीटरही नाही. तिथे जीएमआरसारखी मोठी कंपनी, पहिल्याच टप्प्यात वर्षाला ४४ लाख प्रवाशांची सोय, मागे गोव्याचं पर्यटन. त्याच्याशी चिपीने टक्कर घ्यावी असं भाषणात म्हणायला छान वाटतं. प्रत्यक्षात ती टक्कर नाही. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला मोपा जवळच आहे, तो चिपीला कधीच येणार नाही आणि त्याने का यावं? चिपीचा खरा माणूस मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, कणकवली, देवगडचा. त्याला दिल्लीचं विमान नकोय. त्याला मुंबई हवी आहे. घरटी एक माणूस लालबाग, परळ, डोंबिवली, नालासोपाऱ्यात असलेला हा जिल्हा. यासाठी कुठल्या सल्लागाराचा अहवाल लागत नाही, चतुर्थीच्या आधी कुडाळ स्टेशनवर अर्धा तास उभं राहिलं तरी पुरे.

मग एवढी मागणी असताना तेव्हा दुसरी कंपनी का आली नाही?

याचं निम्मं उत्तर चिपीत नाही, मुंबईत आहे. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासांत साधारण ४६ विमानांची ये-जा व्हायची, तीही २०२४ च्या फेब्रुवारीत कमी करायला लावली. त्या प्रत्येक वेळेला, ज्याला 'स्लॉट' म्हणतात, सोन्याचा भाव आहे. ज्या कंपनीकडे तो स्लॉट आहे ती त्यात १८० प्रवाशांचं एअरबस दिल्लीला पाठवेल की ७० प्रवाशांचं एटीआर चिपीला? तुमच्या दुकानाचा गाळा दादर स्टेशनसमोर असता तर तुम्ही त्यात काय विकलं असतं?

म्हणून मला वाटतं की आपलं भवितव्य चिपीपेक्षा उलव्यात ठरणार आहे. नवी मुंबई विमानतळावर ११ ऑक्टोबर २०२४ ला हवाई दलाचं सी-२९५ उतरलं. २०२५ मध्ये ते सुरू व्हायचं होतं. तिथे स्लॉट नव्याने वाटले जाणार होते. त्यातली एक सकाळची आणि एक संध्याकाळची वेळ राज्यातल्या छोट्या विमानतळांसाठी राखून ठेवायला राज्य सरकारला तेव्हाच बोलावं लागणार होतं. एकदा मोठ्या कंपन्यांनी जागा अडवल्या की मग निवेदनं देत बसायचं. डोंबिवली-पनवेलकडच्या चाकरमान्याला तर सांताक्रूझपेक्षा तेच सोयीचं.

दुसरी कंपनी अगदीच नाही असंही नाही. फ्लाय ९१ ही गोव्याचीच नवी कंपनी, मार्च २०२४ मध्ये सुरू झाली आणि पहिल्याच दिवसांत तिने चिपी बंगळूरला जोडलं, मग हैदराबाद, आणि ऑगस्टच्या शेवटापासून शनिवार-रविवार पुणे. विमान तेच, एटीआर. २०२४ मध्ये मुंबईचं विमान बंद झाल्यावर चिपीत दिवे चालू राहिले ते तिच्यामुळे. पण तिचा मुख्य तळ मोपाला आहे हे विसरू नका. उद्या विमानं कमी पडली तर ती कुठली फेरी आधी कापेल, ते सांगायला ज्योतिषी नको. तिला दोष देत नाही, धंदा आहे. एका कंपनीवर अख्खा विमानतळ उभा असला की काय होतं ते आपण २०२४ मध्ये पाहिलं, एवढंच म्हणायचं आहे.

आणि हे फक्त आपलंच रडगाणं नाही. २०२३ मध्ये कॅगने 'उडान'वर अहवाल दिला. तपासलेले मंजूर मार्ग ७७४. सुरू झाले ३७१. तीन वर्षं पूर्ण केली ११२ मार्गांनी. आणि अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४. शंभरातले सात. आपण त्या त्र्याण्णवात गेलो. तेव्हा 'पुन्हा उडान द्या' ही मागणी मला पुरेशी वाटत नाही. तीच योजना, तसाच मक्ता, तीच तीन वर्षं, आणि ती संपल्यावर मी हीच पोस्ट पुन्हा शेअर करेन.

अनुदान द्यायचंच असेल तर ते विमान आल्याबद्दल द्या, योजनेत नाव असल्याबद्दल नको. म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या दिवशी फेरी झाली तर पैसे, कंपनीच्या कारणाने रद्द झाली तर दंड. हवामानाचं वेगळं, पण तेही नोंदवून जाहीर करा. सकाळी चिपीहून निघून संध्याकाळी परत, ही वेळ करारातच घाला. रात्री विमान चिपीत मुक्कामाला ठेवायचं तर रात्री उतरण्याची सोय लागेल. २५०० मीटरची धावपट्टी बांधून तिला अंधारात झोपवून ठेवायची असेल तर एवढी लांब बांधली कशाला? आणि एका कंपनीला मक्ता नको. दुसरी यायला तयार असेल तर तिला येऊ द्या.

यावर एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो रास्त आहे. ज्या जिल्ह्यात शाळेच्या वेळेला एसटी मिळत नाही, तिथे विमानात बसणाऱ्याला सरकारने पैसे का द्यावेत? खरं सांगायचं तर याचं पूर्ण समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. एसटी आणि विमान यातलं एकच निवडा म्हटलं तर मी एसटी निवडेन, दोनदा विचार न करता. फक्त दोन गोष्टी. 'उडान'चा केंद्राचा पैसा मुख्यतः मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर आकार लावून जमा होतो. तो आपण घेतला नाही म्हणून आपल्या डेपोत नवीन गाडी येणार नाही, तो दुसऱ्या राज्यात जाईल. दुसरं, चिपी-परुळ्याच्या सड्यावरची जमीन गेली ती गेली. ती परत मिळणार नाही. ज्यांनी दिली त्यांना सांगितलं होतं की पोरांना काम मिळेल, हॉटेलं येतील, आंबा-मासळी विमानाने जाईल. दिवसाला एक-दोन विमानांवर टर्मिनलमधलं चहाचं दुकानसुद्धा चालत नाही. अग्निशमनाची गाडी, सुरक्षा, वीज यांचा खर्च मात्र विमान एक आलं काय नि दहा आली काय, रोजचा. २०२४ मध्ये विमानतळ चालवणारी कंपनी खाजगी होती. ती तोटा किती वर्षं सोसणार होती?

२० नोव्हेंबर २०२४ ला मतदान झालं. प्रचाराला आलेला प्रत्येक जण चिपी 'आंतरराष्ट्रीय' करणार होता. त्याआधीच्या वेळीही करणार होता. अंगणात आला की त्याला चहा द्या, आणि विचारा की नवी मुंबईत सकाळचा स्लॉट मागणारं पत्र तुम्ही कोणाला आणि कधी लिहिणार. २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री पुण्याचे होते, मराठीत लिहिलं तरी चाललं असतं.

आणि पुण्याचं विमान २०२४ मध्ये शनिवार-रविवारी चालू होतं. ज्यांची मुलं हिंजवडीत, खराडीत आहेत त्यांनी रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं बुकिंग करण्याआधी, ते चालू असेल तर, एकदा त्याचा भाव बघा. परवडला तर जा, नाही परवडला तर किती दिसला ते खाली लिहा. पुढच्या वेळी बोलायला आकडे तरी हाताशी असतील.