जिद्दीचे अंकगणित

तरुणांच्या असंतोषावर हल्ली एकच औषध सांगितले जाते: जिद्द. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालवणारे ते विकतात, यशस्वी अधिकारी सत्कारसमारंभांतून ते फुकट वाटतात आणि गावाकडून दरमहा खोलीभाडे, मेस व अभ्यासिकेचे पैसे पाठवणारे आईबाप ते श्रद्धेने स्वीकारतात. या औषधाला आमचा विरोध आहे. त्याचे कारण साध्या अंकगणितात आहे.

२०२३ च्या तलाठी भरतीत जाहीर झालेली पदे ४,६४४ होती. अर्ज आले दहा लाखांहून अधिक. दोनशे अर्जांमागे एक जागाही नव्हती. या साऱ्यांची जिद्द उद्या दुप्पट झाली तर कटऑफ वर जाईल, जागा मात्र तितक्याच राहतील. शुल्क तेवढे सर्वांकडून घेतले गेले: खुल्या प्रवर्गाकडून १,००० रुपये, राखीव प्रवर्गाकडून ९००. गुणाकार वाचकांनीच करावा.

'मग सरकारी नोकरीचाच हट्ट का? धंदा करा,' असे सांगणारे बहुधा स्वतः पहिल्या तारखेला पगार घेणारे असतात. ज्या कचेरीत सातबाऱ्यासाठी बाप ताटकळला, तिथल्या टेबलापलीकडची खुर्ची मुलाला हवी आहे. शेतीचे तुकडे झालेले, खाजगी नोकरी कंत्राटी. अशा स्थितीत मान आणि स्थैर्य एकत्र मिळण्याचे ठिकाण त्याला दुसरे दिसत नाही. या महत्त्वाकांक्षेस क्षुद्र म्हणण्याचा अधिकार आम्ही कोणासही देत नाही.

जिद्दीच्या उपदेशाचा खरा अपराध असा, की तो जागांच्या टंचाईचे रूपांतर उमेदवाराच्या वैगुण्यात करतो. सहाव्या प्रयत्नानंतर मुलगा सणालाही घरी जाण्याचे टाळतो, ते या उपदेशाचे फळ होय.

हाच असंतोष रस्त्यावर आला तेव्हा काय घडले, तेही पाहावे. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षा ऐन वेळी पुढे ढकलताच पुण्यात उमेदवार रस्त्यावर बसले. १४ तारखेची परीक्षा २१ तारखेला घ्यावी लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणांमार्फत कंत्राटी पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला; विरोधामुळे ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. एकट्याने अभ्यासिकेत गिळलेल्या संतापातून असे काही निष्पन्न झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तेव्हा तरुणांना शांत करण्याचा उद्योग आता पुरे. त्यांनी किती तास अभ्यास केला हे विचारण्याआधी, किती पदे रिक्त आहेत आणि ती कधी भरणार, हे शासनास विचारावे. तो प्रश्न आईबापांनीही विचारला पाहिजे.