अकरा फॉलोअर्ससमोरचा अभिनय

नागपूरच्या मिहान प्रकल्पाच्या आसपासच्या शाळांत काम करणाऱ्या समुपदेशकांकडे पालकांचा एक प्रश्न हल्ली हमखास येतो : "मॅडम, पोराच्या दोन-दोन आयडी आहेत. त्यातली खरी कोणती समजायची?" आपल्यातले बरेच जण तो प्रश्न जसाच्या तसा उचलून सेशनमध्ये नेतात. आमच्या मते तो दाराबाहेर ठेवावा.

एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. दहावीतला मुलगा. घरची शेती प्रकल्पात गेलेली, वडील आता सेझमधल्या एका कंपनीच्या गेटवर सुरक्षारक्षक. मोठ्या आयडीवर गॉगल लावून एम्ससमोर आणि खापरी मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर काढलेल्या रील्स, कॅप्शन इंग्रजीत, बायोमध्ये 'फ्यूचर डॉक्टर'. दुसरी आयडी प्रायव्हेट. तिला अकरा फॉलोअर्स, सगळे वस्तीतले नाहीतर ट्यूशनचे. तिथे शिव्या, सरांच्या नकला, 'अभ्यास गेला उडत', चाचणीत कमी मार्क पडल्याची फुशारकी. समुपदेशक बाईंनी साहजिकच निष्कर्ष काढला, की मोठी आयडी म्हणजे देखावा आणि छोटी म्हणजे मुलाच्या मनातलं. मुलगा अभ्यासाला कंटाळलाय, बापाच्या नोकरीची लाज वाटते म्हणून एम्ससमोर उभा राहतो, वगैरे.

पुढच्या काही भेटींत निघालं ते उलटंच. मुलगा पहाटे उठून विज्ञान करत होता आणि ते त्या अकरा जणांना कळू नये म्हणून धडपडत होता. डॉक्टर व्हायचंय हे मनातलं त्याने एकाच ठिकाणी लिहिलं होतं, अनोळखी लोकांच्या गर्दीसमोर. "तिकडे कोणी ओळखत नाही नं, म्हणून लिवलं. इकडे लिवलं असतं तर पोट्ट्यांनी जगू देल्लं नसतं."

खाजगी म्हणजे खरं आणि जाहीर म्हणजे खोटं, हे आपण गृहीतच धरून बसतो. पण प्रायव्हेट अकाउंटलाही प्रेक्षक असतात, आणि ते रोज वर्गात भेटतात. अनोळखी हजारांना तुमची भूमिका बदलली तरी फरक पडत नाही. ओळखीच्या अकरांना पडतो. प्रेक्षक जितके जवळचे तितका भूमिकेचा जाच जास्त, असं आम्हाला या कामात पुन्हा पुन्हा दिसतं. मुलींच्या बाबतीत तर नात्यातला एखादा दादा फॉलो करतो आणि स्टोरीचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत काकूंच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोचलेला असतो. तिची 'क्लोज फ्रेंड्स' यादी कशासाठी आहे, हे मग निराळं विचारायला नको.

डेव्हिड एल्काइंडने १९६७ मध्ये 'काल्पनिक प्रेक्षक' ही कल्पना मांडली, ती आपण सगळ्यांनी परीक्षेपुरती तरी वाचली आहे : किशोरवयीन मुलाला सतत वाटतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. आज स्टोरीखाली बघणाऱ्यांची यादीच येते, नावानिशी. कोणी बघितली आणि कोणी बघूनही हार्ट दिलं नाही, हे मुलं वर खाली सरकवून तपासतात. त्यातला बराचसा प्रेक्षक आता काल्पनिक राहिलेला नाही, तेव्हा 'तुझा तो भ्रम आहे' ही जुनी समजूत इथे चालत नाही.

मनोविश्लेषक विनिकॉटकडेही परत जायला हवं. त्याच्या १९६० च्या मांडणीतला 'खोटा स्व' आपण शिवीसारखा वापरतो. त्याच्या लेखी तो खऱ्याचा राखणदार आहे. निरोगी माणसात त्याचं रूप म्हणजे रीतभात, चारचौघांत वागण्याची पद्धत. आजार तिथे, जिथे राखणदारच घरमालक होऊन बसतो आणि आत कोणी राहतं याचा सगळ्यांना विसर पडतो. म्हणून किती आयडी आहेत हे मोजत बसू नका. एकीतून दुसरीत जाताना मुलाला काय होतं ते बघा. आपल्या या मुलाला झोप लागत नव्हती, ती दोन आयडी असल्यामुळे नव्हे. अकरांपैकी कोणाला तरी मोठी आयडी सापडेल, या धास्तीने.

हे मिहानमध्ये ठळक दिसतं, त्याला कारण आहे. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी २००२ मध्ये स्थापन झाली. त्यानंतर शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या शिवारात धावपट्टीच्या पलीकडे एक नवंच गाव उभं राहिलं : आयटी कंपन्या, विमान दुरुस्तीचा तळ, एम्स, आयआयएम. पुण्या-हैदराबादहून बदलून आलेल्यांची मुलं आणि जमीन दिलेल्यांची नातवंडं एकाच ट्यूशनला बसतात. एकाच संध्याकाळी मुलाला दोन वेगळ्या बोली, दोन वेगळ्या ऐटी सांभाळाव्या लागतात. फोन नसता तरी लागल्या असत्या.

आकडे हवेत तर 'असर २०२४' या अहवालाचे घ्या. ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो समाजमाध्यमांसाठी वापरला, अभ्यासासाठी ५७ टक्क्यांनी. आम्हाला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो पुढचा आकडा : समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी ५५.२ टक्के मुलांना प्रोफाइल प्रायव्हेट करता येतं. म्हणजे जवळपास निम्म्यांना आपला प्रेक्षक निवडताच येत नाही. सेटिंग शिकवणं हे समुपदेशकाचं काम नाही, असं अजूनही मानणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

बंदीबद्दल थोडक्यात. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाने २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्यांसाठी मोबाइलबंदीचा ठराव केला. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ पर्यंत पालकांच्या पडताळलेल्या संमतीची अट आहे. हेतू चांगला. पण बहुतेक मुलांचं अकाउंटवरचं पहिलं खोटं असतं जन्मसाल, आणि ते टाकताना कित्येकदा शेजारी आईच बसलेली असते.

राहता राहिला कामाचा भाग. 'हे का टाकलंस?' असं विचारलं की मूल बचावाला उभं राहतं. 'हे कोणी बघावं असं वाटत होतं? आणि कोणी बघू नये?' असं विचारा आणि दोन नावं मिळेपर्यंत थांबा. फोन मागू नका. मुलाने आपणहून पुढे केला तर तो त्याच्याच हातात राहू द्या.

काही शाळा आता समुपदेशकालाच सांगतात, की एक आयडी काढा, मुलांना फॉलो करा आणि काही दिसलं तर कळवा. ही मागणी तोंडी आली तर लेखी मागा, आणि लेखी आली तर नकारही लेखी द्या. एकदा फॉलो केलंत की तुम्ही त्या मुलासाठी बारावे फॉलोअर असता आणि पुढच्या सेशनला तो तुमच्यासाठी वेगळी भूमिका तयार करून येतो. मुलाचं काही बाहेर न कळवण्याला एक अपवाद आहे आणि तो पहिल्याच भेटीत मुलाला साध्या शब्दांत सांगायचा असतो. लैंगिक छळ, फोटोवरून धमकी असं काही समोर आलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे मुख्याध्यापकांच्या परवानगीची वाट बघायची नाही.