‘शिबोलेथ’ : शब्दाचा अर्थ आणि वाक्याची साक्ष

अर्थपरिवर्तनाच्या घटकात आपण अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष आणि अर्थापकर्ष हे प्रकार अभ्यासले. ते पाठ करणे सोपे असते आणि परीक्षेत त्यांना गुणही मिळतात. मात्र या कप्प्यांमुळे एक गैरसमज होतो. शब्द एका कप्प्यातून उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवला की त्याचा इतिहास सांगून झाला, असे वाटू लागते. माझे मत निराळे आहे. शब्द बदलतो तो आधी वाक्यात. तो कोणत्या क्रियापदाचे कर्म होतो, एकवचनात येतो की अनेकवचनात, कोणती विशेषणे त्याला चिकटतात, यांत हा बदल दिसू लागतो. कोशात त्याची नोंद बऱ्याच उशिरा होते. हे दाखविण्यासाठी मी मुद्दाम एक इंग्रजी नाम निवडले आहे. इंग्रजी भाषकांच्याही ते रोजच्या बोलण्यात नसते. अशा विरळ शब्दाचा एक फायदा असा की, त्याच्या पाऊलखुणा गर्दीत पुसल्या जात नाहीत.

हे नाम म्हणजे ‘शिबोलेथ’. मूळ शब्द हिब्रू आहे. त्याचा अर्थ धान्याचे कणीस असा सांगतात, तर काही संदर्भांत पाण्याचा लोंढा असाही होतो. बायबलच्या जुन्या करारात ‘शास्ते’ नावाचे पुस्तक आहे. त्याच्या बाराव्या अध्यायातील कथा अशी : गिलादी आणि एफ्राइमी या दोन गटांत युद्ध झाले आणि एफ्राइमी हरले. पळून जाणाऱ्यांना यार्देन नदी ओलांडायची होती, परंतु नदीचे उतार गिलाद्यांनी रोखून धरले होते. येणाऱ्या प्रत्येकाला ‘तू एफ्राइमी आहेस काय?’ असे विचारले जाई. तो ‘नाही’ म्हणाला की त्याला ‘शिबोलेथ’ म्हणायला सांगत. एफ्राइम्यांना ‘श’ उच्चारता येत नसे. ते ‘सिबोलेथ’ म्हणत आणि तेथेच मारले जात. कथेनुसार त्या वेळी 42,000 माणसे पडली.

येथे थोडे थांबू या. नदीकाठी कणसाशी कोणालाच कर्तव्य नव्हते. ज्याच्या आरंभी ‘श’ आहे असा कोणताही शब्द चालला असता. म्हणजे या शब्दाचा प्रसिद्ध झालेला पहिला वापर अर्थासाठी झालाच नाही. तो केवळ ध्वनीसाठी झाला. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा गुप्त शब्द नव्हता. तो समोरच्याला सांगितलेलाच होता. त्याला तो ठाऊक होता, त्याने तो ऐकला होता, म्हणण्याचा प्रयत्नही केला होता. अडला तो ज्ञानात नव्हे, जिभेत. (याच कथेचा प्राचीन काळी ग्रीकमध्ये अनुवाद झाला तेव्हा अनुवादकांपुढे पेच पडला, कारण त्या ग्रीक भाषेत ‘श’ हा ध्वनीच नव्हता. शब्द तसाच ठेवणे अशक्य झाल्याने तेथे त्याचा आशय सांगावा लागला. यार्देनच्या काठी खुद्द अनुवादकही वाचले नसते!)

इंग्रजीत हा शब्द बायबलच्या भाषांतरांतून आला. 1611 च्या सुप्रसिद्ध भाषांतरात श-सची ही जोडी स्पष्ट उमटली आहे. या काळातील वाक्यांत ‘शिबोलेथ’ हे म्हणण्याच्या किंवा उच्चारण्याच्या क्रियेचे कर्म आहे, एकवचनी आहे आणि त्याच्या शेजारी मृत्यू उभा आहे. मिल्टनच्या 1671 मधील ‘सॅमसन ॲगोनिस्टिस’ या नाट्यकाव्यात हा शब्द येतो तोही नीट उच्चार न झाल्यामुळे मारल्या गेलेल्यांच्या उल्लेखात. कथेची नाळ अजून तुटलेली नाही.

ती तुटू लागते तीही सतराव्या शतकातच. इंग्लंडमधील धार्मिक पंथांच्या भांडणांत हा शब्द कथेबाहेर पडतो आणि वाक्यात त्याच्या आधी षष्ठी येऊन बसते : अमक्या पंथाचे शिबोलेथ, तमक्या गटाचे शिबोलेथ. ‘म्हणायला लावणे’ हे क्रियापद मागे पडले आणि मालकीचा संबंध पुढे आला. 1823 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन ह्वान’च्या अकराव्या सर्गात बायरनने याची गंमत केली आहे. त्याच्या नायकाला इंग्रजीतले दुसरे काही कळत नाही, फक्त इंग्रजांचे ‘शिबोलेथ’ तेवढे ठाऊक आहे आणि ते म्हणजे एक शिवी! येथे उच्चाराची परीक्षा नाही आणि मरणही नाही; उरली आहे ती ओळखीची खूण.

पुढे राजकीय लेखनात हे नाम अनेकवचनात रुळले. ‘पक्षाची शिबोलेथे’ म्हणजे पक्षाची ठरीव वचने. त्याला ‘जुनी’, ‘झिजलेली’, ‘पोकळ’ अशी विशेषणे चिकटली आणि ‘घोकणे’, ‘कवटाळणे’, ‘टाकून देणे’ ही क्रियापदे त्याच्या सोबतीला आली. आजच्या धाटणीचे एक वाक्य मी रचून देतो : ‘नेतेमंडळी अजून पक्षाच्या जुन्या शिबोलेथांनाच कवटाळून बसली आहेत.’ हे वाक्य यार्देनकाठच्या वाक्याशेजारी ठेवून पाहावे. तेथे शब्द उच्चारणारा भयभीत होता आणि उच्चारायला लावणाऱ्याच्या हाती तलवार होती. येथे शब्द उच्चारणारा सत्तेतला आहे आणि टीकाकार त्याला हसतो आहे. अर्थ केवळ ‘विस्तारला’ असे म्हणून भागणार नाही. वाक्यातील माणसांनी आपापल्या जागा बदलल्या आहेत.

असे असले तरी जुना अर्थ मेला, असे मी म्हणणार नाही. भाषावैज्ञानिकांनी तो जपून ठेवला. बोलणारा कोणत्या प्रदेशाचा किंवा वर्गाचा हे ज्यावरून ओळखले जाते, त्या उच्चाराला किंवा शब्दप्रयोगाला आम्ही आजही हेच नाव देतो. इतिहासानेही तो विसरू दिला नाही. 1937 मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात त्रुहियो या हुकूमशहाच्या आदेशावरून हजारो हैतियन माणसांची कत्तल झाली. सैनिक अजमोद्याची जुडी दाखवून तिचे स्पॅनिश नाव, ‘पेरेहील’, म्हणायला लावीत आणि त्यातील ‘र’ स्पॅनिश वळणाने न आल्यास माणूस हैतियन ठरवीत, असे सांगितले जाते. 2007 मध्ये डोरिस साल्सेदो या कोलंबियन कलावतीने लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या फरशीत 167 मीटर लांबीची भेग निर्माण केली आणि त्या कलाकृतीला ‘शिबोलेथ’ हेच नाव दिले. पोकळ वचनांविषयी बोलण्यासाठी कोणी जमीन चिरत नाही.

मराठीत या नामासाठी सहज सुचणारा प्रतिशब्द म्हणजे ‘परवलीचा शब्द’. एका बाबतीत तो चपखल आहे, कारण त्याचा प्रवासही असाच झाला. रात्रीच्या पहाऱ्यावर आपला कोण आणि परका कोण हे ठरविणारा तो संकेत होता. आज वर्तमानपत्रांत ‘अमुक हा सध्याचा परवलीचा शब्द झाला आहे’ असे लिहितात तेव्हा सर्वांच्या तोंडी असलेला शब्द एवढाच अर्थ उरतो. गुप्त ठेवायचा शब्द सर्वांत उघडा झाला! परंतु दुसऱ्या बाबतीत हा प्रतिशब्द फसवा आहे. परवल ठाऊक असली की भागते. शत्रूनेही ती चोरून मिळविली तर त्याला आत प्रवेश मिळेल. शिबोलेथ चोरता येत नाही. विद्यापीठीय ग्रंथालयांची ई-संसाधने घरबसल्या उघडण्यासाठी ओळख पटविणाऱ्या एका संगणकप्रणालीचे नावही ‘शिबोलेथ’ आहे. आपल्याकडे गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘इन्फेड’ या सेवेत ती वापरली जाते. नामकरण करणाऱ्यांना कथा ठाऊक असणार. तरीही ते काम परवलीचेच आहे. संगणक तुमचा ‘श’ तपासत नाही.

तो आम्ही तपासतो. काही वर्षांपूर्वीच्या एका संपर्कसत्रात मी एका विद्यार्थिनीला उतारा मोठ्याने वाचायला सांगितला. वय चाळिशीच्या आसपास, अंगणवाडीत काम करणाऱ्या. त्यांनी ‘साळा’ म्हटले, मी थांबवून ‘शाळा’ म्हटले. ‘पानी’ म्हटले, मी पुन्हा थांबवले. तिसऱ्या वेळी वर्गात कोणीतरी हसले. बाईंनी उतारा पूर्ण केला, परंतु पुढच्या सत्रांत त्या शेवटच्या बाकावर बसल्या आणि पुन्हा वाचायला उठल्या नाहीत. त्यांचा स्वाध्याय तपासताना ‘शाळा’ आणि ‘पाणी’ हे दोन्ही शब्द प्रत्येक ठिकाणी प्रमाणलेखनानुसार आलेले दिसले. त्यांना नियम ठाऊक नव्हता असे नव्हतेच. मी ज्ञान तपासतो आहे असे समजत होतो आणि तपासत होतो जीभ. भाषाविज्ञानाच्या पदवीधारकाकडून हे व्हावे, याची लाज मला आजही वाटते. प्रमाण उच्चार शिकवू नयेत, असे माझे म्हणणे नाही; मी ते शिकवतो. परंतु शिकवण्यासाठी वेगळी वेळ असते आणि उतार ओलांडू देण्यासाठी वेगळी. मराठीच्या पदवीच्या वर्गात या दोहोंची गल्लत सर्रास होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या घटकाचा स्वाध्याय करताना आपण एक आठवडाभर वर्तमानपत्रांतून ‘परवलीचा शब्द’ असलेली वाक्ये जमवावीत. प्रत्येक वाक्यात तो कोणाचा आहे, एक आहे की अनेक, त्याच्याबरोबर कोणते क्रियापद आले आहे, हे समोर लिहावे. त्याखाली आपल्या गावचा असा एक शब्द नोंदवावा, ज्याच्या उच्चारावरून आपल्याला कोणी ओळखले, हसले किंवा अडवले. तो कसा उच्चारला जातो तसाच लिहावा, सुधारून नव्हे. पुढील संपर्कसत्रात आपण ही वाक्ये आणि हे शब्द फळ्यावर घेऊ. वाचून मात्र ज्याचे त्यानेच दाखवायचे आहे.