गाळाचं विरजण

आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी मोरीतून गेलं, की आपण ते विसरून जातो. पण ते जातं कुठं? गटारांची व्यवस्था नीट असेल, तर ते सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पोचतं. आणि तिथं ते स्वच्छ कोण करतं, माहीत आहे? जंतू!

दचकलात ना? पण सगळेच जंतू काही रोग पसरवत नाहीत. दुधाचं दही करणारे जंतू आपले मित्रच की! तसेच सांडपाण्यातली घाण खाऊन जगणारेही जंतू असतात.

१९१४ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी एक मजेदार प्रयोग जगापुढं मांडला. त्यांनी बाटलीत सांडपाणी भरून त्यात हवा सोडत ठेवली. पाणी पुरतं शुद्ध व्हायला सुमारे ५ आठवडे लागले. मग त्यांनी वरचं नितळ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ मात्र फेकला नाही. त्याच गाळावर नवं सांडपाणी ओतलं. असं पुन्हा पुन्हा केल्यावर गाळातले जंतू वाढत गेले आणि ५ आठवड्यांचं काम २४ तासांत होऊ लागलं! घरी विरजणासाठी चमचाभर दही राखून ठेवतात ना, अगदी तसंच.

पण काम झाल्यावर जंतू आणि पाणी वेगळं कसं करायचं? गाळ खाली बसायची वाट पाहायची, तर मोठाल्या टाक्या हव्यात. शिवाय काही जंतू पाण्याबरोबर निसटतातच. इथं मदतीला आलं पटल, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा. १९८९ मध्ये जपानच्या काझुओ यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पटलाच्या, शेवयांसारख्या बारीक पोकळ नळ्या थेट जंतूंच्या टाकीतच बुडवल्या. त्यांची छिद्रं मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. बहुतेक जंतू त्याहून कितीतरी मोठे! नळीतून पाणी ओढलं, की पाणी आत येतं, जंतू बाहेरच राहतात. छिद्रं बुजू नयेत म्हणून खालून हवेचे बुडबुडे सोडतात. त्यानं नळ्यांवरचा गाळ झटकला जातो आणि जंतूंना प्राणवायूही मिळतो.

मग हे पाणी प्यायचं का? छे! सरबत गाळलं म्हणून त्यातलं मीठ गाळणीत अडकतं का? तसेच पाण्यात विरघळलेले क्षार या पटलातूनही आरपार जातात. सिंगापूरमध्ये २००३ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी आणखी बारीक पटलांतून दाबानं नेतात आणि त्यावर अतिनील किरण सोडतात. त्यातलं बरंचसं पाणी कारखाने वापरतात. थोडं जलाशयांत मिसळून, पुन्हा शुद्ध करून नळाला येतं.

आता तुमचं काम. हे जंतू जिवंत आहेत, हे विसरू नका. रंग, टर्पेंटाइन यांसारखी रसायनं त्यांना मारतात. तळणीचं तेल पटलाची छिद्रं बुजवतं. एका घराच्या वाटीभर रंगानं फारसं बिघडणार नाही. पण हजारो घरांनी आणि कारखान्यांनी तेच केलं, तर? जंतू मरतील आणि घाण तशीच पुढं नदीत जाईल.

तेव्हा घरी रंगकाम निघालं, तर उरलेला रंग मोरीत ओतू देऊ नका. ब्रशही धुण्याआधी जुन्या वर्तमानपत्राला पुसून घ्यायला सांगा. सांगाल ना?